बधिर पायाचं बोट

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त खोडून काढायला वाचत आलो. नांदेडमध्ये आम्ही पाच-सहा जण रुग्णहक्कांची पत्रकं वाटतो, बुवाबाजीविरुद्ध बोलतो. तेव्हा खाली प्रतिक्रियेत कुणी ‘देवाची कृपा’ लिहिणार असेल, तर आत्ताच थांबा. कृपा नव्हती ती.

गेल्या हिवाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शहरातलंच खाजगी हॉस्पिटल... सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. मला पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालची भूल. माझ्यानंतर कंधारकडच्या सुमनमावशी. छातीतली साधी गाठ काढायची होती, पण भूल पूर्ण.

आत नेण्याआधी आम्ही एकाच बाकावर होतो. सिस्टर साबण लावून मावशींची जोडवी ओढत होती आणि मावशी काही काढू देईनात.

"लग्नापासून उतरवली न्हाईत, बाई. जीव जाईल माझा."

मी कशाला गप्प बसतोय! "मावशी, जोडव्यात जीव नसतो. काढा मुकाट्यानं."

"हाव रे शहाण्या! तुझं बोट असं कुणी ओढून राहिलं असतं ना, मग कळलं असतं."

सगळे हसले. त्यांचा मुलगा बालाजीसुद्धा. जोडवी निघाली ती त्याच्या शर्टाच्या खिशात गेली.

ऑपरेशननंतर मला रिकव्हरीच्या खोलीत आणलं. कमरेखाली मी नव्हतोच. सिस्टरनं पायाला चिमटा काढला... काही नाही. थोड्या वेळानं शेजारच्या कॉटवर मावशी आल्या. "नाव काय?" "सुमन..." एवढं ऐकून सिस्टर मधला पडदा ओढून पुढच्या केसला आत गेली. पूर्ण भुलीतला पेशंट नाव सांगून परत गाढ झोपू शकतो, श्वास अडकू शकतो, जवळ माणूस हवा — हे आमच्याच पत्रकात छापलंय! नाडी-ऑक्सिजन दाखवणारी मशीन सतत केकाटते म्हणून तिचाही आवाज बंद केलेला. नातेवाईक बाहेर.

समोरच्या घड्याळात बारा वीस. माझ्या डाव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट कुणीतरी ओढलं.

स्पष्ट. चिमटीत धरून, पिळत पिळत. मान उचलून पाहिलं, पायाशी कुणी नाही. मांडी दाबून पाहिली — लाकूड. भूल उतरताना भास होत असतील, स्वतःला समजावलं.

बारा पंचवीसला पुन्हा. जास्त जोरात. मी डोळे मिटून घेतले. लाज वाटली हो... मी, आणि असल्या गोष्टीला घाबरू?

बारा एकतीसला बोट उपटून निघतंय असं वाटलं आणि मी किंचाळलो.

सिस्टर धावत आली. "काय झालं, दादा?"

"बोट... कुणीतरी ओढतंय!"

तिनं पांघरूण सारून त्याच बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. मला काहीच कळलं नाही. वैतागून वळताना तिनं पडदा सरकवला, आणि मग तीच ओरडली. मावशींचे ओठ जांभळे पडले होते.

मावशी वाचल्या. म्हणजे जिवंत आहेत. तेवढी मिनिटं मेंदूला ऑक्सिजन पुरला नाही. भाकरी थापता थापता हात थांबतात, पुढं काय करायचं ते आठवत नाही. बालाजी समोर बसला की विचारतात, "कुणाचा रे तू?"

हॉस्पिटलवाले म्हणाले, "देवानंच ओरडायला लावलं यांना." काय सोयीचा देव! म्हणजे तिथं माणूस का नव्हता, हे कुणी विचारायलाच नको.

मी तक्रार लिहायला बसलो. बालाजी म्हणाला, "दादा, पडद्याआडून तुम्हाला कळलं कसं?" मी बोटाचं सांगितलं. तो हसला नाही. नुसतं विचारलं, "पहिल्यांदा कधी ओढलं?"

मी म्हणालो, बारा एकतीस.

तक्रारीतही तीच वेळ आहे. भूल देणाऱ्या दोन डॉक्टरांना विचारून पाहिलं. बधिर बोटाला ओढ कशी कळली, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. पण वेळ मला माहीत आहे. बारा वीस. आज पहिल्यांदाच लिहून राहिलो.