बरगड्या उचलणारे काका

दुसऱ्याच्या सर्दीवर आमच्या उमरोळीच्या घरमालकांइतकं मनापासून प्रेम करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ऐंशीच्या दशकात मी बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला होतो आणि त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. मधली भिंत कुडाची. मी शिंकलो की काका चटई घेऊन हजर. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या ना, याची आधी कसून चौकशी व्हायची, कारण गोळ्यांशी त्यांचं भांडण नव्हतं. पण “छातीचा पिंजरा मोकळा नको काय?” असं म्हणून ते मला आडवं करत. टाचा भिंतीला टेकवून सगळं अंग पाळण्यासारखं हलवायचं, भुवयांपासून नाकापर्यंत बोटं फिरवायची, हात वर नेत श्वास घ्यायचा. शेवटी ते माझ्या पाठीखाली दोन्ही हात सारून बरगड्या हलकेच उचलत. बरं वाटायचं, हे कबूल. पण तासभर वेळ मोडायचा. पुढे पुढे मी उशीत तोंड खुपसून शिंकू लागलो.

त्यांच्या तावडीतून कुणीच सुटत नसे. दांडी गावाहून मासे विकायला येणारी बाई एकदा ओटीवर खोकली. काकांनी तिला पाटी उतरवून हात वर करायला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “पाटी धरून सकाळपासून हात वरच हाय माजा. अजून किती वर करू?” काकांनी थोडा विचार केला आणि तिला चहा दिला.

हे सगळं त्यांना पालघरच्या एका डॉक्टरांनी शिकवलं होतं, काकूंच्या शेवटच्या दुखण्यात. काकूंना जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगा नोकरीसाठी लांब गेला होता. घरात हे व्यायाम तेवढे उरले होते, आणि ते करायला कुणीतरी आजारी पडावं लागे.

मग एका थंडीत काका स्वतःच खोकू लागले. दोन दिवस मी भिंतीपलीकडून ऐकत राहिलो. गेलो तर अडकून पडेन, म्हणून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना डोकावलो. काका चटईवर पडून स्वतःचेच हात पाठीखाली सारायची खटपट करत होते. हा एक व्यायाम एकट्याला जमत नाही. मी बसलो, हात घातले, बरगड्या उचलल्या. खोकला जरा सैलावला. मी हात काढू लागलो, तसे ते म्हणाले, “ठेवा जरा. सात वर्सांत माज्या पाठीला कुनाचा हात लागला नाय.”

मी हात तसेच ठेवले. तरी कंपनीच्या बसची वेळ झाली होती, म्हणून पाचेक मिनिटांत मी उठलो. “जा, जा,” असं तेच म्हणाले. पुढे ते बरे झाले, मला तारापूरला क्वार्टर मिळालं आणि येणंजाणं सुटलं. त्या दिवशी एक बस चुकली असती तर काय बिघडलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.