विहिरीवरच्या तुळया

माझा मामा छापखान्यात कामाला होता. मुंबईसह महाराष्ट्र मागणारी, गिरणीतल्या संपाची, भाडेवाढीविरुद्धची पत्रकं तो घरी आणायचा आणि मी ती वाचत मोठा झालो. अन्याय मोठ्या अक्षरांत मांडला की लोक हलतात, यावर माझा विश्वास होता. म्हणून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ हा विषय आला तेव्हा मी हरखलो. कुठली वस्तू किती भार सोसेल, हे आता कागदावर सिद्ध करता येणार होतं.

अंधेरीच्या पूर्वेला आमचं जुनं ख्रिस्ती गाव. गावच्या विहिरीच्या तोंडावर दोन तुळया आडव्या टाकून वर फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यांवर उभ्या राहून बायका पाणी शेंदत. तुळईतला ताण काढायला शिकलो त्याच आठवड्यात मी त्या तुळयांची मापं घेतली. दगडात रुतलेल्या एका टोकात पेन्सिल खुपसली, तर ती अर्धी आत गेली.

तीन आठवड्यांनी बहिणीचं लग्न होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवरून नवरीच्या आंघोळीचं पाणी, ‘उंबराचं पाणी’, आणतात. पंधरावीस जणी तरी त्या फळ्यांवर चढणार होत्या. माझं गणित म्हणत होतं, सहा.

मी वही घेऊन प्राध्यापकांकडे गेलो.

“लाकूड कुठलं?”

“सागाचं असावं, सर.”

“असावं? आतून किती कुजलंय?”

“माहीत नाही.”

“मग हे सहा कुठून आणलेस? पुस्तकातलं लाकूड कुजत नाही.” त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “तुळया बदलायला सांग.”

बाबांना सांगितलं. ते मांडवाचे बांबू निवडत होते.

“मोडेल का?”

“मोडू शकेल.”

“हो की नाही, ते सांग.”

मी वहीची पानं उलटली.

“मग लग्न झाल्यावर बघू. आणि पोरीच्या लग्नात असलं अभद्र बोलू नको.”

शेवटी मला जे येत होतं ते मी केलं. लाल शाईनं पत्रक लिहून विहिरीच्या कठड्यावर चिकटवलं: ‘भगिनींनो, सावध! एका वेळी सहाहून अधिक जणींनी फळ्यांवर उभं राहू नये!’ माझ्या लठ्ठ मावशीनं ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं.

“सहाच? मग माझ्या एकटीच्या तीन धर रे!”

विहिरीवर हशा उसळला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी हात पसरून फळ्यांपुढे उभा राहिलो. बँडवाले जवळ आले होते.

“मावशी, काठावरून शेंदा ना!”

“हो बाजूला, इंजिनेर! नवरीचा भाऊच विहीर अडवतो काय?”

तिनं मला खांद्यानं ढकललं. मी पुढे काही ओरडलो, पण बँडपुढे मलाच ते ऐकू आलं नाही. बायका चढल्या. गाणी म्हणत, फळ्यांवर पाय आपटत त्यांनी पाणी शेंदलं. मी कुजलेल्या टोकाकडे बघत बसलो. तिथून चुन्याचे खपले सुटून पाण्यात पडत होते. आणि तेव्हा माझ्या मनात आलं: एक फळी तरी कडाडू दे. कुणाला लागू नये, पण कडाडू दे. माझी आई त्या फळ्यांवर उभी होती.

काही मोडलं नाही. घागरी भरल्या, मिरवणूक परत फिरली. बाबांनी पाठीवर थाप मारली. “टिकली ना?”

आज टिकली म्हणून उद्या टिकेल असं नाही, हे वाक्य वर्गात शोभलं असतं. मांडवात मी ते गिळलं.

लग्न झालं, पण तुळयांचं नाव कुणी काढलं नाही. मग मी कॉलेजला जाण्याआधी आईची घागर घेऊन विहिरीवर जाऊ लागलो. दगडी काठावर पाय रोवून, वाकून शेंदायचो. कंबर भरून यायची.

“आई घरात बसलीय आणि इंजिनेर पाणी भरतोय!” फळ्यांवरच्या बायका हसायच्या. त्यांच्यात शेजारची गरोदर सूनही असायची. काठावरून शेंद, असं मी तिला दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा ती लाजून हसली आणि तिथंच उभी राहिली.