बॉनेटसमोरचा माणूस

"दाब... धर... सोडू नको गो बाय!"

गाडीखालून काकांचा हा आवाज आला की माझा पाय पेडलवर खिळायचा.

लालबागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक शटर आणि बाकी सगळा फुटपाथ. असा मेकॅनिक तुमच्याही ओळखीत असेल; पण ब्रेकच्या कामाला गाडीच्या मालकालाच सीटवर बसवणारा मी हा एकच पाहिला. "चालवणार तू, मग पाय माझा कशाला?"

परळच्या पुलाच्या उतारावर माझं ब्रेकचं पेडल तळाला गेलं तेव्हा शेजारी आई होती. हँडब्रेक ओढून, गाडी कठड्याला घासत थांबवली. दोघी सुखरूप. घरी येऊन मी ठरवून टाकलं: गाडी विकायची, आईला इस्पितळात टॅक्सीनं न्यायचं.

"विक की," काका म्हणाले. "पण बिनब्रेकची कोण घेणार? बस आत."

गंजलेले ब्रेकपाइप त्यांनी बदलले होते. नव्या पाइपात हवा राहते आणि हवेनं पेडल मऊ लागतं. मी दाबून धरायचं, त्यांनी चाकाजवळचा नट सैल करून बुडबुड्यांसकट तेल बाटलीत काढायचं आणि नट आवळल्यावरच मी पाय उचलायचा. मी आधीच उचलला.

"घेतली परत हवा! ऑफिसातली बेल नाय ती, दाबली नि सोडली."

"मला वाटलं, तुम्ही आवळला."

"वाटून चालत नाय. मी सांगेपर्यंत धर."

शेवटच्या चाकापर्यंत पेडल घट्ट झालं. काकांनी स्वतः बसून ते दोनदा दाबून पाहिलं, मला परत बसवलं आणि गल्लीत थोडं पुढे जाऊन बॉनेटसमोर उभे राहिले.

"ये."

"काका, बाजूला व्हा!"

"बाजूला होऊन काय कळणार? हळू ये. मला घरी जेवायला जायचंय, तेवढं लक्षात ठेव."

मी गेले. ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. काका तसूभरही हलले नाहीत. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "आता विक."

पुढच्याच आठवड्यात मी आईला घेऊन त्याच गाडीनं, त्याच पुलावरून गेले.

काका आता नाहीत. शटरच्या जागी केकचं दुकान आहे. परवा पाइप पुन्हा बदलले, वडाळ्याला. तिथं यंत्रानं हवा काढतात आणि मालकाला बाहेर कॉफी देतात. काम चोख. तरी घरी आल्यावर, नुकतीच गाडी शिकलेल्या लेकीला मी सीटवर बसवलं आणि आवारात बॉनेटसमोर जाऊन उभी राहिले.

"आई, वेडी झालीस का? बाजूला हो!"

"हळू ये," मी म्हटलं. "मला अजून जेवायचंय."