छापायला नाही म्हणाले तेव्हा

दैनिकाच्या कचेरीत तिला सगळे ‘करवत’ म्हणत. जातानाही कापते, येतानाही कापते, म्हणून. अकरा वर्षं ती प्रुफं तपासायच्या टेबलाशी बसली. ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, बातमीतली थापही तिच्या नजरेतून सुटायची नाही. पण स्वतः बातमी लिहिते म्हटलं, की संपादक हसायचे. “अहो, आहे ते काय वाईट आहे?”

एकदा तिने न विचारताच लिहिली. कालव्यापलीकडच्या नव्या इमारतींत आठवड्यात चाळीस मुलं जुलाबांनी आजारी पडली होती. ती दोन दिवस जिने चढत-उतरत घरोघर फिरली. पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मैल्याची टाकी यांच्यात जेमतेम चार फूट अंतर होतं. स्वतः टेप धरून मोजलं. बातमी पानात लागली. सकाळी अंक उघडला, तर त्या जागी त्याच इमारतींच्या बिल्डरचा हसरा फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट.

“जाहिरातदार आहे तो,” संपादक म्हणाले. “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाई.”

“ते पाणी आधी पिऊन बघा,” ती म्हणाली आणि डबा उचलून घरी आली.

नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने विचारलं, “आता काय?”

“पेपर काढणार. स्वतःचा.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नाव ‘चव्हाटा’ ठेव. नाहीतरी लोक म्हणणारच, हिने सगळं चव्हाट्यावर आणलं.”

चार पानांचं साप्ताहिक निघालं. पहिल्या अंकात टाकीची बातमी होती. दुसऱ्या अंकाला छापखानेवाल्याने मान खाली घातली. “ताई, फोन आला होता. मला धंदा करायचाय.” आणखी तीन छापखाने झाले. सगळीकडे मशीन नेमकं त्याच दिवशी बिघडलेलं.

घराच्या जिन्यात बसून ती रागाने रडली. सासूबाईंनी तिच्या हातातली पानं काढून घेतली. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं होतं. सत्तरीतही आवाज खणखणीत.

“छापत नाहीत ना? मग मी वाचते. तोंडाला कोण कुलूप लावतं, बघू.”

खिडक्या लावून, फ्रिज बंद करून त्यांनी स्वयंपाकघरात मोबाइलसमोर अख्खा अंक वाचला. मध्येच शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, तीही त्यात राहिली. सुनेने ते ओळखीच्या अडतीस जणांना पाठवलं. संध्याकाळी ते कुठूनकुठून फिरत तिच्याच फोनवर परत आलं. वर कुणीतरी लिहिलं होतं, ‘आधी हे ऐका. पाणी उकळून प्या.’

तिसऱ्या आठवड्यात बिल्डरचा माणूस दारात उभा राहिला. “आजींची तब्येत जपा,” तो तिला म्हणाला.

सासूबाई चष्मा पुसत बाहेर आल्या. “नाव सांगा तुमचं, सावकाश. बातमीत चुकायला नको.”

तो दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरला. महिनाभरात पालिकेने मैल्याची टाकी पाडायला लावली. दैनिकानेही ते छापलं: ‘आमच्या पाठपुराव्याला यश’.

याला नऊ वर्षं झाली. ‘चव्हाटा’ आता सहा शहरांत ऐकतात. शिंप्याच्या बंद पडलेल्या दुकानात कचेरी आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. बातम्या आणणाऱ्या सतरा बायका, त्यांत एक नर्स, एक बस कंडक्टर. जाहिराती शिवणक्लासच्या, चष्म्याच्या दुकानांच्या, सगळ्या लहान. एकाने हात काढून घेतला तरी ‘चव्हाटा’ बंद पडायला नको, हा तिचा हट्ट. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या वाचत होत्या. आता ती स्वतः वाचते. आवाज तसा नाही, हे तिला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी ‘चव्हाटा’ विकत घ्यायला दैनिकाचे तेच संपादक आले. “नाव तुमचंच राहील,” ते म्हणाले. “फक्त बातम्या आमच्या नजरेखालून जातील.”

“मग माझं राहिलं काय?”

“अहो, नीट विचार करा. हट्टाने पोट भरत नाही.”

“सतरा जणींचं भरतंय,” ती म्हणाली. “आता उठा. रेकॉर्डिंगची वेळ झाली, आणि ती खुर्ची करकरते.”

संपादक उठले. तिने दार लावलं, पंखा बंद केला आणि पहिली बातमी वाचायला घेतली.