आबांचा जुलैचा कागद

फ्रेम करायला कागद नेला म्हणे! वर्ष झालं. एवढ्यात माणसानं सुतारकाम शिकून स्वतः फ्रेम केली असती.

भाऊ, तुला धुळ्याला तीन फोन केले. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात मला. उत्तर नाही. म्हणून इथे ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिते.

आज आमचे आबा जाऊन वर्ष झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी चौथी पास, पण हे मला पाठ आहे.

अठ्ठावन्न साल. महाराष्ट्र व्हायचा होता अजून. आबा यावलला सातवीत. मास्तरांनी विचारलं, सूर्य पृथ्वीच्या सगळ्यात जवळ कधी असतो?

आबा म्हणाले, "जानेवारीत."

"मग मे महिन्यात तुझं डोकं कोण तापवतं रे?"

वर्ग हसला.

आबांनी दहा फुटी बांबू घेतला. सळईनं आतल्या गाठी फोडल्या. एका टोकाला पत्रा, त्याला सुईचं भोक. दुसऱ्या टोकाला तेल लावलेला कागद. सूर्याकडे धरला की कागदावर उजेडाची चकती पडते. तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची.

एक चकती जानेवारीत काढली. एक जुलैत, चार दिवस ढग हटायची वाट बघून.

जानेवारीची मोठी भरली. किती? पेन्सिलच्या रेघेएवढी.

मास्तर म्हणाले, "जानेवारीत पेन्सिल बोथट असेल."

त्या दिवशी आबांची शाळा कायमची सुटली. कागद मात्र ट्रंकेत जपले.

दर जानेवारीत थंडीनं केळी करपू नयेत म्हणून बागेत धूर करून, कानाला मफलर बांधून म्हणायचे, "आज सूर्य जवळ आला, पोरी."

आई म्हणायची, "मंग ही थंडी कुठून आली? तुमच्या मास्तरच्या घरून?"

"पृथ्वी कललेली आहे ना. ऊन तिरपं येतं."

आणि मग बांबू. वरचं टोक भाऊकडे, कागदाचं माझ्याकडे. दरवर्षी भांडण, "हलवू नको ना रे!"

आज सकाळी वरचं टोक शिडीला बांधलं. माझ्याकडचा जानेवारीचा कागद लावला.

चकती रेघेत बसली. बरोब्बर.

पण बाजूला जुलैचा नसेल तर तो नुसता गोल आहे. कोणीही म्हणेल, वाटी ठेवून काढला.

आबा, तुम्ही बरोबर होतात. नमस्कार.

भाऊ, कागद हरवला असेल तर हरवला म्हण. मी ओरडेन आणि गप्प बसेन. पण मग जुलैत नवी चकती काढताना वरचं टोक धरायला तुलाच यावं लागेल. शिडी हलते.

येतोस की नाही, संक्रांतीपर्यंत लिही.