बोंड्यांची विहीर आणि रामटेके सर

रामटेके सरांना कोणी पत्ता विचारला की तो माणूस हमखास चुकायचा. मी पांढुर्ण्याच्या शाळेत नवा रुजू झालो होतो तेव्हाची गोष्ट. त्यांना झेरॉक्सचं दुकान विचारलं. "सोपं आहे," ते म्हणाले, "रंगाऱ्याच्या घरापासून डाव्या हाताले वळा. बांगडीवाल्या काकीच्या ओट्यावरच दुकान आहे." अर्धा तास मी उन्हात रंगाऱ्याचं घर शोधत फिरलो. शेवटी एका पानठेलेवाल्यानं सांगितलं की रंगारी गाव सोडून गेला त्याला चाळीस वर्षं झाली, आणि बांगडीवाली काकी तर त्याच्याही आधी वारली. मी तणतणत परत आलो तर सर निवांत डबा खात बसलेले. म्हणाले, "दुकान नाही सापडलं, पण रंगारी तर समजला नं?"

तेव्हाच मी ठरवलं की या माणसापासून चार हात लांब राहायचं. तसं काही जमलं नाही. ते इतिहास शिकवायचे, मी गणित, आणि स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. उंच, किडकिडीत माणूस. सौंसरहून रोज बसनं यायचे आणि पहिली घंटा होण्याआधी फळ्यावर तारीख लिहून मोकळे व्हायचे. पोरांवर कधी हात उचलला नाही. फार चिडले तर म्हणायचे, "काहून रे, तुह्या डोक्यात कोण भाड्यानं राहून राहिलं?" कुठलीही जुनी भिंत, ओटा, रिकामा प्लॉट दिसला की थांबायचे आणि स्वतःशीच विचारायचे, "याच्या आधी इथं कोण होतं?" त्यांच्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत जायचं म्हणजे बस चुकलीच म्हणून समजा.

नववीला हिटलरचा धडा असतो. आम्ही सगळेच तो परीक्षेपुरता उरकतो. सर शिकवत होते, की पोलंडमधल्या कितीतरी गावांत ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांची दुकानं होती, शाळा होत्या, आणि युद्धात त्यांना घराघरातून काढून मारलं. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, मंग आता त्या घरायमंदी कोण राहते?" पुस्तकात ते नव्हतंच. सरांनी पोरांसमोर सांगून टाकलं, "मले नाही माहीत. आठ दिवस द्या."

ते आठ दिवस स्टाफरूमला भारी गेले. सर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे आणि मधेच पोलंडमधल्या एखाद्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचे. त्यांच्या तोंडून ते तिगावच्या पुढचंच एखादं खेडं वाटायचं. त्यांनी लेकीच्या मदतीनं तिथल्या एका इतिहासाच्या बाईंना पत्र लिहिलं, आणि बाईंचं चक्क उत्तर आलं. त्या आपल्या वर्गाला घेऊन गावातच फिरतात. ही बेकरी कोणाची होती, आज जिथं गोदाम आहे तिथं कोण प्रार्थना करायचं, हे पोरांना दाखवतात. त्या ज्यू लोकांचं आता गावात कोणीच उरलेलं नाही. मग तिथलीच पोरं रानात झाकून गेलेल्या कबरींचे दगड धुतात. बाईंनी फोटो पाठवला होता. टोप्या घातलेली पोरं गुडघ्यावर बसून दगडावरचं शेवाळ घासताहेत. सरांनी तो फोटो कपाटाच्या दारावर चिकटवला आणि खाली बाईंच्या तीन सूचना मराठीत लिहिल्या: मऊ ब्रश, साधं पाणी, लोखंड लावायचं नाही. चौथी सूचना त्यांनी लाल शाईनं लिहिली: ज्याच्या ताब्यात आहे, त्याला आधी विचारायचं.

"तिथचे पोट्टे परक्यायचे दगड धुऊन राहिले," मला म्हणाले, "आन् आपल्याले आपल्याच गावात कोण होतं ते माहीत नाही. हे काही बरोबर नाही, बोंडे सर."

मग शनिवारच्या सहली सुरू झाल्या. पोरांबरोबर दोन शिक्षक हवेत असा प्राचार्यांचा नियम, म्हणून मला जुंपलं. माझं काम पोरं मोजायचं. जाताना तेवीस, येताना तेवीस. विणकरांच्या गल्लीत गेलो, पुलापलीकडे सावरगावात गेलो, रंगाऱ्याच्या घरीही गेलो. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मालकानं कुरकुरत मागची खोली उघडली, आणि फरशीच्या कोपऱ्यात रंग भिजवायच्या दगडी हौदाचा काठ निघाला, अजून निळसर. पोरं त्याच्यावर बोटं घासून बघत होती. खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती. दुसऱ्याच्या घराखाली काय आहे ते बघायला कोणाला आवडत नाही?

मग एका शनिवारी सर म्हणाले, "आज तुमच्या विहिरीवर जाऊ."

आमचा संत्र्याचा बगिचा तिगावच्या वाटेवर आहे. त्यातली विहीर आमच्या घराण्याचा अभिमान. पणजोबांनी खोदली, कधी आटली नाही, हे ऐकतच मी मोठा झालो. विहिरीच्या काठाशी आमचा मारोती आहे. एक उभा दगड, आणि त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, इतका की दगड कुठं संपतो ते कळू नये. दर शनिवारी वडील तेल-शेंदूर लावतात. सर येणार म्हणून वडिलांनी पोरांसाठी संत्री काढून ठेवली होती.

पोरं विहिरीभोवती गोल बसली. वडिलांनी पणजोबांची गोष्ट रंगवून सांगितली. सरांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग हळूच म्हणाले, "बाबाजी, एक गोष्ट मीबी सांगू का? जागा तुमच्या आज्याची. घाम आमच्या महारपुऱ्याचा. माह्या आजीचा बाप होता त्याच्यात, तिचं माहेर इथचंच. आजी तवा आठ-नऊ वर्साची, टोपल्यानं माती वाहे. पाणी लागलं त्या दिवशी खोदणाऱ्याईनं एका दगडावर आपले पंजे कोरले. पाच पंजे, आजी सांगे. नाव लिवता येत नव्हतं नं. तो दगड काठाशी उभा केला. आन् दुसऱ्या दिवसापासून त्याईले विहिरीले हात लावाची मनाई झाली."

एक पोरगा पटकन बोलून गेला, "मंग तो दगड म्हंजे हा मारोती?"

वडिलांचा चेहरा लालबुंद झाला. "मास्तर, माह्या देवावर ब्रश फिरवाले आले का तुमी?"

सरांच्या खांद्याला पिशवी होती, तिच्यातून ब्रशांच्या मुठी डोकावत होत्या. त्यांनी ती पाठीमागे सारली. "नाही बाबाजी. तुमी मारोती म्हणता तवर मारोतीच. आमी फक्त इचारलं."

आमच्याकडे उभा दगड दिसला की कोणीतरी त्याला शेंदूर लावतंच. कोणा पणजीनं भक्तिभावानं लावला असेल, पुढच्यांनी त्यावर चढवला असेल. पण हे त्या वेळी बोलायची हिंमत मला झाली नाही. मी तेवीस पोरं पुन्हा पुन्हा मोजत राहिलो. वडील रागात होते, तरी दारी आलेल्याला पाणी न पाजता पाठवणारे नव्हते. त्यांनी मोटर चालू केली. पोरं प्यायली, मी प्यायलो. सर सगळ्यात शेवटी आले. दोन्ही हातांची ओंजळ केली, डोळे मिटले आणि खूप वेळ पीत राहिले. इतकी कसली तहान लागली या माणसाला, असं मला वाटलं.

तक्रार सोमवारीच पोहोचली. गावातल्या कोणीतरी सांगितलं होतं की मास्तर पोरांना घेऊन देव खरवडायला आला होता. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि सरळ विचारलं, "सर देवाबद्दल काही वाईट बोलले का? तुम्ही होता तिथं." नाही, एवढा एकच शब्द बोलायचा होता. मला घर दिसलं, वडील दिसले, भावकी दिसली. मी म्हणालो, "मी पोरं मोजत होतो सर. माझं लक्ष नव्हतं."

सहली बंद झाल्या. मी स्टाफरूममध्ये आलो तर सर कपाटावरचा फोटो सरळ करत होते. माझ्याकडे बघून हसले. "बोंडे सर, पोट्टे तेवीसच भरले नं? मंग झालं." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पचवल्या असत्या. त्या हसण्यानं मला आजवर नीट झोप लागलेली नाही, आणि हे मी सजवून लिहीत नाही.

त्यानंतरही ते माझ्याशी पहिल्यासारखेच वागले. डब्यातली भाकर मोडून द्यायचे, पत्ता विचारणाऱ्यांना चुकवायचे. मी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय संत्र्यांकडे वळवला. निवृत्तीला पाच महिने उरले होते. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, नागपूरला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी सर गेले.

पुण्यानुमोदनाला मी सौंसरला गेलो. विहारात बसायला जागा नव्हती, पांढुर्ण्याची कितीतरी पोरं आली होती. निघताना सरांच्या बायकोनं, वहिनींनी, माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "तुमचं नाव आहे याच्यावर. म्हणून ठेवली होती," म्हणाल्या. आत दोन डझन मऊ ब्रश, एकही न वापरलेला. पिशवीवर सरांच्या अक्षरात चिठ्ठी टाचलेली होती: 'बोंडे सरांची विहीर. बाबाजी हो म्हणतील तेव्हा.'

ती पिशवी मी घरी खुंटीला टांगली. वडिलांनी विचारलं, हे काय. मी सगळं सांगितलं, प्राचार्यांपुढे जे बोललो तेही. वडील ऐंशीचे. मला वाटलं देवावरून पुन्हा भडकतील. ते भडकले, पण भलत्याच गोष्टीवरून. "तू खोटं बोलला? त्या मास्तरनं माह्या देवाले बोटबी लावलं नाही, आन् तू गप राहिला? माह्या पोटी येऊन?"

पुढच्या शनिवारी पहाटे त्यांनी मला बगिच्यात नेलं. हातात नारळ होता, आणि शेंदराऐवजी नुसतं गरम तेल. त्यांनी नारळ फोडला आणि दगडापुढं हात जोडले. "मारोतीराया, आजवर इथं राहिला, उपकार झाले. आता जामसावळीच्या तुह्या देवळात जा, तिथं तुले जागा मोठी आहे. इथची जागा दुसऱ्याची निघाली, बापा. राग नको धरू." मग त्यांनी तेलानं शेंदूर भिजवला. थर मऊ व्हायला उन्हं वर आली. मी ब्रश दिला तसे खाली मांडी घालून बसले आणि हळूहळू घासू लागले, अगदी त्या फोटोतल्या पोरांसारखे.

पहिला पंजा निघाला तेव्हा वडिलांचा हात थांबला. मग दुसरा, तिसरा, चौथा. छिन्नीनं ओबडधोबड कोरलेले, मोठाले, राबणारे पंजे. पाचवा खाली कोपऱ्यात होता. तो इवलासा होता, आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा असावा तेवढा. पाच पंजे, असं आजी नातवाला सांगत राहिली. त्यातला एक आपला, हे तिनं सांगितलं नाही, की सरांनीच आम्हाला सांगितलं नाही, कोण जाणे. मला रडू आवरलं नाही. वडील म्हणाले, "रडून काय होते? मास्तरच्या घरी फोन लाव. आन् तुह्या प्राचार्यालेबी सांग."

सोमवारी मी प्राचार्यांना सांगितलं, की त्या दिवशी माझं लक्ष होतं, मी सगळं ऐकलं होतं, आणि रामटेके सर देवाबद्दल एक शब्दही वाईट बोलले नव्हते. मग मी पुढं केलेल्या सहलीच्या परवानगीच्या कागदावर त्यांनी सही केली.

नववीचा वर्ग घेऊन गेलो. सौंसरहून वहिनी आल्या. या वेळी गोष्ट वडिलांनीच सांगितली, अडखळत, "माह्या आज्यानं नाही, याईनं खोदली," इथून सुरुवात करून. पोरं एकेक करून दगडाला हात लावून आली. मग वडिलांनी मोटर चालू केली नाही. बादली सोडली, स्वतः ओढून वर घेतली, लोटा भरला आणि वहिनींपुढं धरला.

वहिनी संकोचल्या. "पयले पोरायले द्या नं, बाबाजी."

"नाही माय," वडील म्हणाले. "मास्तर शेवटी पेला होता. पयले तुमी."

वहिनींनी ओंजळ पुढं केली.