बापाचं काम

दौंडला आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे नाहीतर शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणं. सासऱ्यांनी सुरू केलं, नवऱ्यानं चालवलं, आणि तो गेल्यापासून मी बघते. मेकपही मीच करते. दाढ्या, मिशा, टोप, सगळं माझ्याकडं. त्यामुळे दौंड आणि शिरूर तालुक्यातली कितीतरी गावं मला त्यांच्या यात्रेच्या नाटकावरून माहीत आहेत, आणि तिथली माणसं तोंडाला रंग लावताना मी अगदी जवळून बघितली आहेत. म्हणून सांगते, माझ्यापुढं कुणी नाटकाच्या नावानं सोवळेपणा मिरवायला लागलं की माझं डोकं सणकतं. त्या वर्षी ते असं सणकलं की अजून थंड झालेलं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं सासर कासुर्डीपासून आत आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तिथं गावचीच माणसं नाटक करतात. बायकांच्या कामाला पुण्याहून नटी आणतात, बाकी सगळे घरचेच. आक्काचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कॉलेजात असल्यापासून त्या नाटकात आहे. सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी करतो, शिक्रापुरात खोली घेऊन राहतो आणि तालमीच्या दिवसांत शिफ्ट बदलून, ट्रकांच्या रांगांतनं मोटारसायकल काढत गावी येतो. काम असं करायचा की पुण्याची नटीसुद्धा म्हणायची, ह्याच्यासमोर उभं राहायचं तर पाठांतर चोख पाहिजे. आदल्या वर्षीच्या यात्रेपर्यंत तो हिरोच होता. नटीचा हात धरून गाणं म्हणायचा आणि गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या वर्षी त्याला हिरोचं काम नको होतं, बापाचं हवं होतं. नाटक साधंच. एक पोरगी मनासारखं लग्न करून घर सोडून जाते, बाप तिला टाकून देतो, आणि शेवटी ती लेकरू घेऊन परत येते तेव्हा बापाचं मन वितळतं. वेड्यासारखा त्या कामाच्या मागं लागला होता. मी म्हटलं, "अरे, तिशी आत्ताशी उलटली तुझी, म्हातारा कशाला होतोस?"

लावून बघितलेल्या मिशीचा डिंक नखानं काढत तो म्हणाला, "मावशी, माझा बाप मी सहावीत असताना गेला. आन् मला काय कुणी कवा बाप म्हणायचं न्हाई. दोन तास तरी म्हणू दे की."

त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. नुकत्याच झालेल्या दिवाळीत, स्थळं यायला लागली तेव्हा, त्यानं आक्काला समोर बसवून सांगितलं होतं की मला पोरीत रस नाही, माझा ओढा पुरुषांकडं आहे, कुणाच्या लेकीचं वाटोळं करायला लावू नको. आक्काला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. मग मन मोकळं करायला ती जावेशी बोलली, आणि जावेनं गावाशी. संक्रांतीपर्यंत सगळ्यांना माहीत झालं.

मग यात्रा कमिटी बसली. कमिटीचे मुख्य आप्पा. ऐंशीच्या घरातलं माणूस, ताठ, आवाज खणखणीत, सोसायटीच्या राजकारणात उभी हयात गेलेली. कपडे ठरवायला मी तिथंच गेले होते. आप्पा म्हणाले, "त्याला बापाचं काम द्यायचं न्हाई." भाचा माझ्या शेजारीच उभा. आप्पा पुढं म्हणाले, "नाटकात एक बायकी गडी हाय, कमरेवर हात ठेवून बोलणारा. ते घे की. तुला शोभंल, आन् लोकबी हसतील."

शोभंल. हा शब्द माझ्या कानात अजून आहे. ज्या माणसानं बारा वर्षं ह्यांच्या स्टेजवर जीव ओतला, त्याचं हसं करायला ह्यांना एक मिनिट लागलं नाही. भाच्याचे कान लाल झाले होते. माझी जीभ मात्र कधीच ताब्यात नसते.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही तरुणपणी स्त्री पार्ट करत व्हता. आमच्या सासऱ्यांनी तुम्हाला नऊवारी नेसवलीय. बाप जिता असताना मिशी उतरवली म्हणून तुमच्या वडलांनी महिनाभर तुमचं तोंड बघितलं न्हाई, हे तुम्हीच रंगवून सांगता. तवा कुणी म्हणलं का, हा पुरुष हाय, ह्याला बाईचं काम शोभायचं न्हाई?"

"ती कला व्हती, ताई."

"मग ह्याची काय हाय?"

आप्पांनी अंगठ्यानं मिशी सारखी केली. "आमचं खोटं व्हतं म्हणून चाललं," ते म्हणाले. "ह्याचं खरं हाय."

मला तर हसावं का रडावं कळेना. खोट्यावर यांचा आक्षेप नव्हताच. हा पोरगा घरात दहा-बारा वर्षं खोटं वागत होता, स्थळांच्या गोष्टी निघाल्या की लाजल्याचं नाटक करत होता, तेव्हा तो गावाचा लाडका होता. त्यानं घरातलं सोंग टाकलं, तर यांनी स्टेजवरचंही काढून घेतलं. बरं, काल आणि आज यात त्याच्या आवाजात बदल झाला होता का? चालण्यात? पाठांतरात? मागच्या यात्रेला त्याच्या गाण्यावर शिट्ट्या मारणारी पोरं आता मंडपाच्या कडेला उभी राहून एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

पुण्याची नटी तशी गुणाची पोरगी. तिला कळलं तशी ती खवळली, आणि मला बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात, माझ्यासमोर, ती भाच्याला म्हणाली, "तू आमच्या ग्रुपमध्ये ये. दोन पुरुषांच्या प्रेमावर नाटक बसवतोय आम्ही. आमचं ठरलंय, ते काम जो खरोखर तसा आहे त्यानंच करायचं. दुसऱ्या कुणी करायचं नाही."

भाच्यानं विचारलं, "त्यात बापाचं काम हाय का?"

"आहे, पण ते भरलंय. आणि तुला ते कशाला? ही तुझी गोष्ट आहे."

तिचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, मावशी, ह्याच्यासारख्यांना एरवी कुणी काम देत नाही, आणि नाटकातली ह्यांची कामं दुसरेच करतात, तीही टिंगल करून. निदान ती तरी ह्यांच्याकडं राहू देत. खोटं नव्हतं ते. टिंगल तर मी आप्पांच्या तोंडून ताजी ताजी ऐकली होती. तरी माझं मन घेईना. पंगतीत एखाद्याच्या पानावर काहीच वाढायचं नाही आणि म्हणायचं, लोणचं मात्र तुझ्यासाठी राखून ठेवलंय, अशातली गत. मी तिला म्हटलं, "बाई, आप्पा म्हणतात तू तसा हायेस म्हणून हे करू नको. तू म्हणतेस तू तसा हायेस म्हणून हेच कर. त्याला काय करायचंय ते कुणी इचारणार का?"

भाचा तिच्याशी नीटच बोलला. म्हणाला, "माझी गोष्ट मी सांगीन ताई, मला वाटंल तवा. पण आधी मला दुसऱ्याची सांगायचीय." तिचा चेहरा पडला, पण ती समजली. जाताना त्याला म्हणाली की कमिटीशी मी बोलते. बोललीही. आप्पांनी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग खरी कमाल झाली. आप्पा आक्काच्या घरी आले, हातात पेढ्यांचा पुडा. मी आणि भाचा ओट्यावर बसलो होतो. म्हणाले, पाटसच्या बाजूचं एक स्थळ आहे, मुलगी बारावी झालेली, माणसं साधी. "पोराला हो म्हणू द्या. यात्रेत मांडवातच जाहीर करू. मग बापाचं काम त्याचं. कमिटीचा शब्द."

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग कळलं तशी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे दोन तासांचं नाटक चारचौघांत शोभून दिसावं म्हणून एका जिवंत पोरीला जन्मभर नाटकात उभी करायची. आणि तिला सांगायचंही नाही. मी विचारलं, तिला कोण सांगणार? आप्पा म्हणाले, "लग्न झाल्याव व्हतंय समदं नीट."

आक्काचं मला सगळ्यात लागलं. तिनं पुडा हातात घेतला. माझ्याकडं न बघता लेकाला म्हणाली, "बाळा, व्हय म्हण ना. तुला कामबी मिळंल आन् मला गावात तोंडबी दाखवता यील." त्या माऊलीला मी काय बोलणार? गावात तिला बारशा-लग्नाला बोलवायचं बंद झालं होतं. पाण्याला गेली तरी बायका बोलायच्या थांबायच्या. ह्या गावानं तिला इतकं कोपऱ्यात ढकललं होतं की परक्या लेकीचा बळी तिला सुटकेसारखा वाटायला लागला, आणि ह्याचा दोष मी आक्काला देत नाही, गावाला देते.

भाच्याला ते काम किती हवं होतं ते मला माहीत होतं. सगळे संवाद त्याला पाठ होते. गाडीवर येता-जाता हेल्मेटमध्ये म्हणायचा. त्यानं आईच्या हातातला पुडा घेतला, आप्पांच्या पुढ्यात ठेवला. "आप्पा," तो म्हणाला, "स्टेजवर सांगाल ते सोंग करतो. घरात आता न्हाई." चप्पल घातली आणि शिक्रापूरला निघून गेला. यात्रेला तो आलाच नाही, जादा शिफ्ट मागून घेतली.

आप्पा म्हणाले, मग बापाचं काम मी करतो.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी त्या गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आप्पांना एक लेक आहे. उतारवयात झालेली, एकुलती. काही वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. शिरूरला राहते, एका दवाखान्यात काम करते. आप्पांनी तिला दार बंद केलं ते केलंच. बाळंतपणालाही कुणी गेलं नाही. हा माणूस, लेकीला माफ करणाऱ्या बापाचं काम करणार होता, आणि कमिटीतल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही की आप्पा, तुम्हाला हे शोभंल का. बाप म्हणून तुम्ही कसे आहात, हे त्यांना कुणी विचारलं नाही. तिथं सगळ्यांना अचानक कळत होतं की नाटक ते नाटक.

मला जायचं नव्हतं. भाच्यानंच फोनवर सांगितलं, जा मावशी, नाटकाचं नुकसान नको. म्हणून गेले. दिवेलागणीला पडदा उघडला. आप्पांची स्वतःची मिशी असल्यामुळे मला फक्त कपाळावरच्या आठ्या गडद कराव्या लागल्या. आणि खरं सांगते, काम त्यांनी उत्तम केलं. शेवटच्या प्रवेशात नटी लेकरू घेऊन दारात उभी राहिली तेव्हा आप्पांचा आवाज फुटला. "उंबऱ्याशी का थांबलीस, पोरी? घर तुजंच हाय. आत ये." सगळा मंडप रडला. मी विंगेत उभी होते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. कुणीतरी तेवढा तुकडा मोबाईलवर घेतला आणि रात्रीतून गावाच्या ग्रुपवर टाकला.

सकाळी मी कपडे गोळा करत घरोघरी फिरत होते. आप्पांकडं कोट आणि धोतर राहिलं होतं. अंगणात शिरले तर पायरीशी एक बाई उभी, हाताशी तीन-चार वर्षांची पोरगी, खांद्याला पिशवी. मी तिला ओळखलं. शिरूरहून पहिल्या एसटीनं आली असणार. कुणीतरी तिला तो व्हिडिओ पाठवला होता, आणि तिला वाटलं होतं की बाप पाघळला. तिनं पोरीला नवा फ्रॉक घातला होता.

आप्पा माझ्यासाठी घडी केलेला कोट घेऊन बाहेर आले आणि जागीच थांबले. आधी नातीकडं बघितलं, मग रस्त्याकडं, कुणी बघतंय का ते. लेक म्हणाली, "आप्पा, मी बघितलं ते. रात्री."

"ते नाटक व्हतं," आप्पा म्हणाले.

मला वाटतं तिच्याआधी मीच बोलले. "म्हंजी तुम्हाला ठाऊक व्हतं, आप्पा. स्टेजवरचा बाप येगळा आन् घरातला माणूस येगळा, हे तुम्हाला पहिल्यापास्नं ठाऊक व्हतं. मग माझ्या भाच्याला काय म्हणून घालवलंत?"

त्यांनी कोट-धोतर माझ्या हातात दिलं, "बघून घ्या, ताई, फाटलं-बिटलं न्हाई कुठं," म्हणाले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लेक पायरीवरच उभी होती.